वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा ॲटलास आणि नकाशाखालची बारीक अक्षरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे खानदेशातली, आणि पाचही शालेय ॲटलासविषयीची निघाली. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (एक वाचक, यावल तालुका) : माळ्यावरची ट्रंक उतरवली तेव्हा तीत आत्याचा शाळेतला ॲटलास सापडला. मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने फाटून गेली आहेत, त्यामुळे साल कळत नाही. पुस्तक इंग्रजी आहे. आत्याने पेन्सिलीने नद्यांची नावे मराठीत लिहून ठेवली आहेत. भारताच्या नकाशात महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे आहेत, हरियाणाही आहे, पण मद्रास आणि म्हैसूर अशी राज्ये दाखवली आहेत. नकाशाखाली बारीक अक्षरांत भारताची सागरी हद्द सहा सागरी मैल असल्याचे छापले आहे. माझ्या मुलीच्या ॲटलासमध्ये हाच आकडा बारा आहे. ही छपाईची चूक समजावी काय? आणि पुस्तकाचे साल काढता येईल काय?

उत्तर : साल काढता येते, आणि ज्याला आपण छपाईची चूक समजत आहात तोच त्यातला सर्वांत उपयोगी पुरावा आहे.

आधी राज्यांकडे पाहू. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले ते १ मे १९६० रोजी, म्हणजे पुस्तक त्यानंतरचे. हरियाणा राज्य १ नोव्हेंबर १९६६ रोजी स्थापन झाले, त्यामुळे आपली खालची मर्यादा एकदम साडेसहा वर्षांनी पुढे सरकते. आता वरची मर्यादा. मद्रास राज्याचे तमिळनाडू असे नामकरण १४ जानेवारी १९६९ रोजी अमलात आले आणि म्हैसूरचे कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ रोजी. दोन्ही जुनी नावे आहेत याचा अर्थ पुस्तक १९६९च्या आधीचे असले पाहिजे. केवळ चार नावांवरून आपण जेमतेम सव्वादोन वर्षांच्या पट्ट्यात आलो.

आता ती बारीक अक्षरे. भारताने १९५६ साली आपली सागरी हद्द किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून सहा सागरी मैल असल्याचे घोषित केले होते. ३० सप्टेंबर १९६७ रोजी ती बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर करण्यात आली, आणि पुढे १९७६ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. भारताच्या नकाशाखाली ही ओळ छापण्याची पद्धत तेव्हाही होती, त्यामुळे आपल्या आत्याच्या ॲटलासमधले ‘सहा’ हे त्या दिवसाचे खरे उत्तर आहे. हा पुरावा धरला तर आपले पुस्तक नोव्हेंबर १९६६ ते सप्टेंबर १९६७ या अकरा महिन्यांत तयार झाले असे म्हणता येते.

आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रांतले आफ्रिकेचे पान मी भिंग लावून पाहिले. त्यात दक्षिणेकडे बोत्सवाना हे नाव आहे. ३० सप्टेंबर १९६६ पूर्वी त्या प्रदेशाला बेचुआनालँड म्हणत. त्याच पानाच्या उजव्या कडेला, लाल समुद्राच्या तोंडाशी, एडन ब्रिटिश मुलखाच्या रंगात दाखवले आहे, आणि इंग्रज तेथून ३० नोव्हेंबर १९६७ रोजी निघून गेले. भारताच्या पानाने जो काळ सांगितला तोच आफ्रिकेच्या पानाने सांगितला. दोन पानांची साक्ष अशी जुळते तेव्हा अनुमानावर भरवसा ठेवावा.

तरीही एक सावधगिरी सांगतो. ॲटलासची सगळी पाने एकाच दिवशी तयार होत नाहीत. भारताच्या राजकीय नकाशाला सरकारी मान्यता लागते म्हणून ते पान प्रकाशक आधी दुरुस्त करतो. जगाच्या कोपऱ्यातली पाने जुन्याच साच्यावरून पुन्हा छापली जातात, आणि लोकसंख्येचे आकडे तर पुढची जनगणना होईपर्यंत दहा-दहा वर्षे तेच राहतात. म्हणून पुस्तकाचे वय ठरवताना सर्वांत नवे तपशील कोणते आहेत ते पाहावे, सर्वांत जुने नव्हे. एकच जुने नाव सापडले म्हणून पुस्तक तितके जुने ठरत नाही. मात्र एकच नवे नाव सापडले की ते त्याआधीचे असू शकत नाही. एव्हरेस्टच्या उंचीचेही असेच आहे. २९,००२ फूट हा आकडा १८५६ साली जाहीर झाला आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५५ मध्ये तो २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर असा निश्चित केला. जुना आकडा असलेली पुस्तके त्यानंतरही शाळांत फिरत राहिली. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली आहे, तेव्हा आपल्या मुलीचा ॲटलास कोणता आकडा देतो तेही पाहून घ्यावे.

घरी असे बिनमुखपृष्ठाचे ॲटलास असलेल्या इतर वाचकांसाठी आणखी काही खुणा देतो. पाकिस्तान दोन भागांत असेल तर पुस्तक १९७१च्या अखेरीपूर्वीचे. मेघालय वेगळे राज्य दिसत असेल तर १९७२ नंतरचे, आणि सिक्कीम भारतात असेल तर १९७५ नंतरचे. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत जालना आणि सिंधुदुर्ग असतील तर मे १९८१ नंतरचे, लातूर आणि गडचिरोली असतील तर १९८२ नंतरचे. जर्मनी दोन असतील तर ऑक्टोबर १९९०च्या आधीचे, सोव्हिएत संघ असेल तर १९९१ संपण्याच्या आधीचे. धुळे आणि नंदुरबार वेगळे दाखवले असतील तर ते १ जुलै १९९८ नंतरचे. तेलंगण २ जून २०१४ नंतर आणि लडाख हा केंद्रशासित प्रदेश ३१ ऑक्टोबर २०१९ नंतर.

आणखी एक विनंती. आत्याने पेन्सिलीने लिहिलेली नावे कृपा करून खोडू नका. छायाचित्रात ‘ताप्ती’ या इंग्रजी नावावर बारीक रेघ मारून शेजारी ‘तापी’ असे लिहिलेले मला दिसले. अकरावीची परीक्षा देणाऱ्या एका मुलीने आपल्या घराजवळच्या नदीचे नाव ॲटलासमध्ये सुधारून घेतले आहे, आणि माझ्या मते तिची दुरुस्ती बरोबर आहे.

प्रश्न (एक वाचक, भुसावळ) : माझी मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. नातीला शाळेसाठी ‘डिर्के’ नावाचा जाडजूड ॲटलास घ्यावा लागला. मुलगी सांगते की तिकडे शाळेचा ॲटलास म्हटले की बहुतेकांना हेच नाव आठवते, आजोबांपासून नातवंडांपर्यंत. या ॲटलासचा इतिहास सांगाल काय?

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते खरे आहे. डिर्के हे मुळात एका शिक्षकाचे आडनाव. कार्ल डिर्के यांचा जन्म १८४२ चा. ते शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयांत काम करत. त्यांनी लाइपझिगचे नकाशाकार एडुआर्ड गेब्लर यांच्यासोबत १८८३ साली एक शालेय ॲटलास तयार केला आणि ब्राउनश्वाइग येथील वेस्टरमान या प्रकाशनगृहाने तो छापला. जर्मनी एक राष्ट्र होऊन तेव्हा पुरती बारा-तेरा वर्षेच झाली होती. कार्ल डिर्के १९१३ साली वारले. पुस्तक मात्र त्यांच्या नावाने चालत राहिले आणि आज एकशे चाळीसहून अधिक वर्षांनीही ते त्याच प्रकाशनगृहाकडून निघते.

त्याच देशात याहून मोठे, याहून सूक्ष्म नकाशांचे ॲटलास त्याआधीपासून होते. गोथा या गावी युस्टुस पेर्थेस यांनी १७८५ साली सुरू केलेल्या संस्थेचे नकाशे जगभरातले अभ्यासक वापरत. मग शाळेत डिर्के का रुजला? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण हे की तो वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाने केला होता. विद्वानाला नकाशात सगळे हवे असते. शिक्षकाला कळते की तासाभरात मुलाने काय पाहायचे आणि काय आज नाही पाहिले तरी चालेल. म्हणून कोणती नावे गाळायची हे ठरवणे हेच शालेय ॲटलासमधले खरे कौशल्य असते.

पुढे या ॲटलासने एक चांगली पद्धत वाढवली. देशाचा मोठा नकाशा दिल्यावर त्यातलाच एखादा लहानसा तुकडा निवडून तो मोठा करून दाखवायचा : एखादे बंदर, एखादी खाण, एखाद्या गावाची शेते. रूर या कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्याचे वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी शेजारी मांडून, शेतांच्या जागी कारखाने कसे आले आणि कारखान्यांच्या जागी पुढे काय आले, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावायचे. आपल्या नातीला ती पाने उघडून दाखवायला सांगा, आणि मग तिला भुसावळविषयी सांगा. रेल्वे येण्यापूर्वीचे, रेल्वेचे मोठे जंक्शन झाल्यावरचे, दीपनगरला वीजकेंद्र उभे राहिल्यानंतरचे असे भुसावळचे तीन नकाशे एका पानावर आमच्या मुलांना मिळाले तर भूगोलाच्या तासाला वेगळी समज येईल. असे पान आपल्या ॲटलासमध्ये असावे असे मला मनापासून वाटते.

या इतिहासातला एक भाग मात्र जड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले आणि ॲटलासही दोन झाले. पूर्वेकडच्या शाळांत गोथाचे नकाशे चालू लागले. पेर्थेस यांची जुनी संस्था तेथे सरकारी मालकीची झाली होती आणि १९५५ साली तिला हेरमान हाक या नकाशाकाराचे नाव मिळाले. पश्चिमेकडे डिर्के राहिला. ओडर आणि नायसे या नद्यांच्या पूर्वेचा मुलूख युद्धानंतर पोलंडकडे गेला होता, तरी पश्चिम जर्मनीतल्या शालेय नकाशांत १९६०च्या दशकापर्यंत १९३७ सालची सीमा काढलेली असे आणि त्या मुलुखावर तो ‘सध्या पोलंडच्या प्रशासनाखाली’ असल्याचे लिहिलेले असे. १९७० सालच्या वॉर्सा करारात पश्चिम जर्मनीने नद्यांची ती रेषा मान्य केली आणि हळूहळू नकाशे बदलले. म्हणजे एक संपूर्ण पिढी शाळेत अशी सीमा पाहत वाढली, जी जमिनीवर उरलेलीच नव्हती.

ॲटलास कोणाच्या हुकमाने बदलतो हा प्रश्न येथे येतो, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर वेगळे आहे. भारताची बाह्य सीमा कशी दाखवायची ते प्रकाशक ठरवत नाही. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग ती ठरवतो आणि त्याच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा छापणे हा १९६१ च्या फौजदारी कायद्यात नंतर झालेल्या सुधारणेनुसार गुन्हा आहे; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून आपल्या कोणत्याही शालेय ॲटलासमध्ये भारताच्या नकाशाखाली ठरावीक ओळी दिसतात : सागरी हद्द बारा सागरी मैलांची आहे, चंदीगड, हरियाणा आणि पंजाब यांची प्रशासकीय मुख्यालये चंदीगडला आहेत, अरुणाचल प्रदेश, आसाम आणि मेघालय यांच्यामधल्या सीमा १९७१ च्या कायद्याचा अर्थ लावून दाखवल्या असून त्या अद्याप पडताळायच्या आहेत, आणि आतल्या तपशिलांच्या अचूकतेची जबाबदारी प्रकाशकाची आहे. मुले या ओळी वाचत नाहीत आणि आम्ही शिक्षकांनीही त्या फारशा वाचून दाखवल्या नाहीत. वास्तविक त्या पानावरची सर्वांत प्रामाणिक वाक्ये तीच आहेत. छापलेली एखादी सीमा ‘अद्याप पडताळायची’ असू शकते, हे मुलाने सातवी-आठवीतच वाचलेले बरे.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, चोपडा) : नकाशांच्या पुस्तकाला ॲटलास का म्हणतात? खांद्यावर पृथ्वी घेतलेला राक्षस तो हाच काय?

उत्तर : आब्राहाम ऑर्टेलिअस याने १५७० साली अँटवर्प येथे एकसारख्या आकाराच्या नकाशांचे जे पहिले मोठे पुस्तक काढले, त्याला त्याने ‘जगाचे नाट्यगृह’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. ‘ॲटलास’ हे नाव गेरार्डस मर्केटर याने आपल्या संग्रहाला दिले आणि तो संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १५९५ साली प्रसिद्ध झाला. मर्केटरच्या मनात होता तो मॉरितानियाचा ॲटलास नावाचा एक विद्वान राजा, ज्याने आकाशाचा पहिला गोल तयार केला असे तो मानत असे. ग्रीक कथांमधला ॲटलास वेगळा, आणि त्याच्या खांद्यावर असते ते आकाश. चित्रकारांनी पुढे त्याला पृथ्वी उचलायला लावली.

प्रश्न (एक निवृत्त कर्मचारी, नंदुरबार) : आमच्या घरच्या जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असे आहे. नातवाच्या ॲटलासमध्ये मात्र खानदेश हा शब्द एकदाही सापडला नाही. कोकण आहे, माळवा आहे, मग आपणच का नाही?

उत्तर : आपल्या पत्रातली खंत मलाही ठाऊक आहे, कारण हा शब्द मीही वर्षानुवर्षे ॲटलासमध्ये शोधत आलो आहे.

ॲटलासमध्ये नावे दोन वाटांनी येतात. एक प्रशासनाची वाट : राज्य, जिल्हा, तालुका. दुसरी भूरचनेची वाट : डोंगर, पठार, किनारपट्टी. खानदेश पहिल्या वाटेने दीर्घकाळ नकाशावर होता. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखाचा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे मुख्यालय जळगावला, पश्चिमेचे धुळ्याला. आपले खरेदीखत त्या काळातले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्ह्यांना मुख्यालयाच्या गावांची नावे मिळाली आणि खानदेश सरकारी नकाशावरून उतरला. त्याच १९६० साली पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातेत गेली. तापीवर उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले, त्याचे पाणी त्या भागात पसरले आहे.

दुसऱ्या वाटेने तो का आला नाही? कोकण म्हटले की सह्याद्री आणि समुद्र यांमधली पट्टी डोळ्यांपुढे उभी राहते, नकाशाकाराला अक्षरे कोठे पसरायची ते कळते. खानदेशाची हद्द मात्र राज्यकर्त्यांबरोबर हलत राहिली. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर होती, आणि ते शहर आज मध्य प्रदेशात आहे. १६०१ साली असीरगड घेतल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याचे नावच ‘दानदेश’ केले होते. ते नाव टिकले नाही, खानदेश टिकला.

माझे मत विचाराल तर प्राकृतिक नकाशावर या शब्दाला जागा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, तिला दक्षिणेकडून मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा : इतकी स्पष्ट चौकट असलेला प्रदेश ॲटलासमध्ये विनानावाचा राहू नये. आतल्या तपशिलांची जबाबदारी प्रकाशकाची असते हे वर आलेच आहे. भूरचनेचे नाव हा आतलाच तपशील आहे, तेव्हा वाचकांनी प्रकाशकांना पत्रे लिहिण्यास काहीच हरकत नाही.

प्रश्न (एक शिक्षिका, अमळनेर तालुका) : मुलांना अक्षांश-रेखांश ही केवळ पाठ करायची गोष्ट वाटते. ॲटलासमधली रेघ आणि आपले गाव यांचा संबंध त्यांना कसा दाखवावा?

उत्तर : आपण ज्या गावी शिकवता त्या गावाइतके सोयीचे गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल. ॲटलासमधले महाराष्ट्राचे पान उघडा आणि २१ अंश उत्तर अक्षांश व ७५ अंश पूर्व रेखांश यांवर मुलांना एकेक बोट ठेवून सरकवायला सांगा. दोन्ही बोटे जेथे भेटतात ती जागा अमळनेरच्या नैर्ऋत्येला, शहरापासून दहा किलोमीटरांच्या आत आहे. शोधायला सायकलवरून जाता येईल अशा अंतरावर दोन पूर्णांकी रेघा एकमेकींना छेदतात.

यापुढचा प्रयोग सावलीचा. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखांशावरची आहे. आपण तिच्या साडेसात अंश पश्चिमेला आहात, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे अमळनेरला सूर्य डोक्यापाशी येतो तो प्रमाणवेळेहून अर्धा तास उशिरा. पटांगणात एक काठी ओळंबा लावून सरळ उभी करा, साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा आणि सावली सर्वांत आखूड कधी होते ते मुलांना वहीत लिहू द्या. ही वेळ वर्षभर थोडी मागेपुढे होते : नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून चौदा मिनिटे, फेब्रुवारीच्या मध्याला बारा वाजून चव्वेचाळीस मिनिटे. एप्रिलच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी ती बरोबर साडेबाराच्या आसपास येते. पण एप्रिलमध्ये आपल्याकडे त्या वेळी मुलांना उन्हात उभे करणे योग्य नाही, आणि सप्टेंबरात आभाळ असते. असाच आणखी एक दिवस २५ डिसेंबरचा आहे. त्या दिवशी शाळेला सुट्टी असली तरी ऊन कोवळे असते आणि आकाश बहुधा निरभ्र, तेव्हा मुलांना हा प्रयोग घरच्या अंगणात करायला द्या आणि दुसऱ्या दिवशी वह्या ॲटलासशेजारी ठेवून वेळा ताडून पाहा.